जुना गाऊन, जुनी अंगठी की नाण्यांचा डबा: लिलावात बोली कशावर लावावी?

समजा, लिलावाच्या यादीत तीन लॉट, म्हणजे विक्रीला ठेवलेले तीन नग, लागोपाठ आलेत. पहिला १९५०च्या दशकातला रेशमी गाऊन, दुसरा लाल खड्याची सोन्याची अंगठी आणि तिसरा जुन्या नाण्यांनी भरलेला पत्र्याचा डबा. तिन्हींची अंदाजी किंमत सारखी आहे आणि तुमच्याकडे पैसे एकाच लॉटपुरते आहेत.

माझं उत्तर आधीच सांगून टाकते. पहिल्यांदाच बोली लावत असाल तर अंगठी घ्या, पण सोन्याच्या हिशेबानं. खडा फुकट मिळाला असं समजून. गाऊन अंगाला बसत असेल आणि तुम्ही तो खरंच घालणार असाल तर गाऊन. डबा मात्र नाण्यातलं आधीपासून कळत असेल तरच. प्रत्यक्षात लोक नेमकं उलटं करतात. डब्यात काहीतरी घबाड निघेल या आशेनं बोली चढत जाते. पण डबा यादीत येण्याआधी तो जाणकारांच्या नजरेखालून गेलेला असतो, हे कुणाच्या लक्षात येत नाही.

हातोडा पडल्यावर हातात काय उरतं

अंगठीला मोडीचा भाव असतो. उद्या तिच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही, तरी सोन्याचं वजन आणि कस कुठे जात नाही. घडणावळ बुडेल, धातू बुडणार नाही. गाऊनला असा तळ नाही. त्याची किंमत म्हणजे तो विकत घ्यायला तयार असलेल्या पुढच्या माणसाची हौस. नाण्याला धातूची किंमत असते खरी, पण सोन्याचांदीची नाणी सोडली तर ती नगण्यच, आणि संग्राहक पैसे मोजतो ते नाण्याच्या अवस्थेसाठी.

नाव जोडलं गेलं की हे सगळं गणित बदलतं. अभिनेत्री मेरिलिन मन्रोनं १९६२ साली अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या वाढदिवसाच्या समारंभात घातलेला ड्रेस १९९९ मध्ये सुमारे १२.६ लाख डॉलरना गेला आणि २०१६ मध्ये ४८ लाखांना. कापड तेच, उलट सतरा वर्षांनी आणखी जुनं झालेलं. अभिनेता रिचर्ड बर्टननं पत्नी, अभिनेत्री एलिझाबेथ टेलरसाठी १९६९ मध्ये ३७,००० डॉलरना घेतलेला 'ला पेरेग्रिना' हा मोती तिच्या संग्रहासोबत २०११ मध्ये लिलावाला आला आणि त्याचा हार १.१८ कोटी डॉलरवर जाऊन थांबला. मोत्याला मोडीचा भाव नसतो, तो काही वितळवता येत नाही. ती किंमत होती स्पेनच्या राजघराण्यापासून टेलरपर्यंतच्या मालकीच्या इतिहासाची. अभिनेता पॉल न्यूमनचं घड्याळ २०१७ मध्ये १.७७ कोटी डॉलरना विकलं गेलं. त्याच्या पाठीवर पत्नीनं कोरून घेतलेला संदेश होता, म्हणजे घड्याळ कुणाचं हा वादच उरला नव्हता.

आपल्या यादीतल्या गाऊनला असं नाव नसतं. 'एका नामांकित घराण्यातून' असं वर्णनात लिहिलेलं असतं, पण सोबत फोटो, पत्र, पावती काहीच नसतं. अशा वाक्याला माझ्या लेखी किंमत शून्य.

दुर्मीळ म्हणजे भाव वाढणारच, हाही भ्रमच. पादत्राणांचे डिझायनर स्टुअर्ट वाइट्झमन यांनी ८ जून २०२१ रोजी न्यूयॉर्कमध्ये सदबीज या लिलावगृहाच्या लिलावात दोन वस्तू विकायला काढल्या. १९३३ सालचं 'डबल ईगल' हे सोन्याचं नाणं त्यांनी २००२ मध्ये सुमारे ७५.९ लाख डॉलरना घेतलं होतं, ते १.८८ कोटींना गेलं. 'ब्रिटिश गयाना वन सेंट मॅजेंटा' हे टपाल तिकीट त्यांनी २०१४ मध्ये सुमारे ९४.८ लाखांना घेतलं होतं, ते ८३ लाखांत गेलं. या तिकिटाची दुसरी प्रत जगात कुणाला माहीत नाही. तरी विक्रेता तोच, दिवस तोच, आणि एकात नफा, दुसऱ्यात तोटा.

बोलीच्या वर किती

हातोडा ज्या आकड्यावर पडतो तेवढेच पैसे द्यायचे असतात, हा नवख्याचा सगळ्यात महागडा गैरसमज. लंडनमध्ये १९७५ साली सदबीज आणि क्रिस्टीज या लिलावगृहांनी खरेदीदाराकडूनही शुल्क घ्यायला सुरुवात केली. तेव्हा ते १० टक्के होतं. आता २० ते २७ टक्के सर्रास असतं, त्यावर कर, त्यावर वाहतूक आणि विमा. मन्रोचाच दुसरा, तो वाऱ्यावर उडणारा पांढरा ड्रेस २०११ मध्ये ४६ लाख डॉलरच्या बोलीवर थांबला; शुल्क धरून बिल झालं ५६ लाखांच्या घरात. म्हणून हिशेब उलट्या बाजूनं करायचा. तुमची १०० खर्चायची तयारी असेल आणि शुल्क २५ टक्के असेल, तर बोली ८० वर थांबवायची. वाहतूक आणि कर धरले तर त्याच्याही आधी. इथे तिन्ही लॉट सारखेच. फरक एवढाच की अंगठीला पुडी पुरते आणि भरजरी गाऊनला भलामोठा खोका लागतो.

कपडा: प्रकाशाकडे धरून पाहा

मी हात भाजून घेतलेत ते कपड्यांवर. एक काळा रेशमी ब्लाउज मी नुसत्या फोटोवर घेतला होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा, गळ्याला बारीक चुण्या, फोटोत अगदी देखणा. स्थितीच्या अहवालात एकच ओळ होती: 'वयोमानानुसार झीज'. खोका उघडला, घडी उलगडायला घेतली आणि वाळक्या पानावर पाय पडावा तसा आवाज आला. बाही घडीच्या रेषेवरच फाटत गेली, सरळ, ब्लेडनं कापल्यासारखी. त्या काळात रेशमाला वजन आणि फुगारा यावा म्हणून ते धातूच्या क्षारांच्या द्रावणात बुडवत. असं रेशीम पुढे आतून कुरतडल्यासारखं होतं. त्याला रफू करून उपयोग नसतो, कारण सुईनं पडलेल्या भोकापासूनच नवी चीर सुरू होते. घडी पुन्हा घालायची हिंमत माझ्यात नव्हती. तो ब्लाउज आजही तसाच कागदात आडवा आहे.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला. आधी मुंढे पाहायचे. काखेत घामाचे डाग असतील तर तिथलं कापड कमकुवत झालेलं असतं, डाग निघाला तरी ताकद परत येत नाही. मग खांदे, कारण हँगरवर वर्षानुवर्षं लटकलेल्या जड कपड्याचं सगळं वजन तिथेच येतं. मग कपडा आतून उलटा करून शिवणी. शिवणीत माया किती सोडली आहे हे पाहायचं, म्हणजे थोडा सैल करता येईल की नाही ते कळतं. लेबलवरच्या मापावर जाऊ नका, जुनं माप आणि आजचं माप यांचा मेळ बसत नाही. छाती, कंबर आणि खांद्याची रुंदी टेपनं मोजलेली हवी. शेवटी सगळा कपडा प्रकाशाकडे धरायचा. कसरीनं खाल्लेली टाचणीएवढी भोकं एरवी दिसत नाहीत, उजेडात चांदण्यांसारखी चमकतात.

काळ ओळखायला कपडा बराच बोलका असतो. बायकांच्या कपड्यांत चेन १९३०च्या दशकाआधी क्वचितच दिसते आणि पुढची बरीच वर्षं ती धातूची असते. नायलॉनची चेन १९६०च्या दशकात रुळली. १९५०चा म्हणून सांगितलेल्या गाऊनला नायलॉनची चेन असेल, तर एक तर चेन बदललेली आहे किंवा साल चुकलंय. अमेरिकेत धुण्याच्या सूचनांचं लेबल १९७२ पासून सक्तीचं झालं. असं लेबल शिवणीतच पक्कं बसलेलं दिसलं तर '१९५०' हा आकडा मनातून खोडा. चेन बदललेली असली तरी घालण्यासाठी घेणाऱ्यानं नाक मुरडू नये. संग्राहकाला तो दोष वाटतो, घालणाऱ्याची ती सोय असते, आणि भावही त्यामुळे उतरतो.

टिकल्यांच्या कपड्याबद्दल एक सावधगिरी. १९२० आणि ३०च्या दशकांत टिकल्या जिलेटिनच्याही बनत. पाणी किंवा उष्णता लागली की त्या विरघळतात, वळतात, एकमेकींना चिकटतात. असा ड्रेस धुवायचाही नाही आणि घालून घामही गाळायचा नाही. घालायचाच नसेल तर मग घ्यायचा कशाला, हा प्रश्न स्वतःला विचारा. मी विचारला, आणि नाही घेतला.

दागिना: जुना खरा, खडा खोटा

दागिन्याची तपासणी थोडक्यात आटोपते, कारण तो स्वतःच कबुलीजबाब घेऊन फिरतो. आतल्या बाजूला ७५० असेल तर १८ कॅरेट, ५८५ म्हणजे १४, ३७५ म्हणजे ९. चांदीवर ९२५. ब्रिटिश दागिन्यावर शहराची खूणही असते, जहाजाचा नांगर म्हणजे बर्मिंगहॅम, बिबट्याचं तोंड म्हणजे लंडन. सालासाठी एक अक्षर असतं, त्यावरून नेमकं वर्ष काढता येतं. खूण पुसट आहे आणि कडेचा सोनेरी रंग उडून खालून तांबूस दिसतंय, तर तो मुलामा.

मघाची लाल खड्याची अंगठी घ्या. लोकांना वाटतं, अंगठी शंभर वर्षं जुनी म्हणजे माणिकही खाणीतलं असणार. ऑग्युस्त व्हेर्नॉयनं ज्वालेत माणिक बनवण्याची रीत १९०२ मध्ये जाहीर केली आणि ती माणकं लगेच दागिन्यांत बसू लागली. म्हणजे अंगठी जुनी, कोंदण मूळचं, सोनं खरं आणि माणिक भट्टीतलं, हे सगळं एकाच वेळी खरं असू शकतं. भिंगाखाली खाणीतल्या माणकात सरळ रेषा किंवा बारीक सुया दिसतात. ज्वालेतल्या माणकात ग्रामोफोनच्या तबकडीवर असतात तशा वक्र रेषा आणि कधीकधी गोल बुडबुडे दिसतात. हे ओळखायला सरावाची नजर लागते, म्हणून मोठ्या खड्यासाठी प्रयोगशाळेचा दाखला नसेल तर खडा काच आहे असं धरून बोली लावावी. मोत्यांचंही तेच. नैसर्गिक मोती आणि संवर्धित मोती यांतला फरक एक्स-रे काढल्याशिवाय खात्रीनं सांगता येत नाही, आणि भावातला फरक जमीन-अस्मानाचा.

बाकी दुरुस्ती पाहा. अंगठीच्या कड्याला आतून झाळ दिल्याची रेघ, फासा नवा, कोंदणाचे दात झिजलेले. त्यातले दात सगळ्यात महत्त्वाचे, कारण खडा तिथूनच निसटतो.

डबा

नाण्यांबद्दल मी थोडक्यातच लिहिते, कारण नवख्याला द्यायचा मुख्य सल्ला एकच आहे: चकाकणारं नाणं पाहून हरखू नका. घासून पुसून चकचकीत केलेलं जुनं नाणं म्हणजे त्याची किंमत घालवलेली असते. वरचा काळपट, निळसर थर हीच नाण्याची श्रीमंती. विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये मांडलेली १ ते ७० गुणांची पट्टी आज सगळीकडे चालते, आणि वरच्या गुणांत एका गुणाच्या फरकानं भाव कितीतरी पटींनी बदलतो. तो एक गुण डब्यात हात घालून तुम्हाला कळणार आहे का? नसेल तर तपासून प्लॅस्टिकच्या कवचात बंद केलेलं एकच नाणं घ्या. टपाल तिकिटांत हीच गोष्ट मागच्या डिंकाची आणि अल्बममध्ये चिकटवायच्या कागदी बिजागरीच्या खुणेची. घड्याळांत तबकडीची: नव्यानं रंगवलेली तबकडी दिसते छान, पण संग्राहक तिच्यापासून दूर पळतो. १९६०च्या आधीच्या कित्येक घड्याळांचे आकडे रेडियमच्या रंगानं रंगवलेले असत. अंधारात आता ते चमकत नाहीत, पण किरणोत्सर्ग चालूच असतो, तेव्हा मागचं झाकण हौसेनं उघडू नका.

घरी आणल्यावर

सांभाळायला सगळ्यात सोपी अंगठी. डबीत ठेवली की झालं, फक्त पाचू, ओपल आणि मोती असलेले दागिने अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये घालू नका. नाण्यांना कोरडी जागा हवी. पीव्हीसीची पाकिटं टाळा, काही वर्षांत त्यातून नाण्यावर हिरवट चिकट थर चढतो. कपडा मात्र पाळीव प्राण्यासारखा असतो, त्याच्याकडे लक्ष द्यावं लागतं. उजेड नको, हँगर नको, घडी नको. आडवा, आम्लरहित कागदात. लोकरीचा किंवा रेशमी कपडा नवा घरात आला की मी तो पिशवीत हवाबंद करून दोन आठवडे उणे १८ अंशांवर डीप फ्रीजरमध्ये ठेवते, म्हणजे कसरीची अंडी बाकीच्या कपाटात शिरत नाहीत.

सीमा ओलांडून माल मागवणार असाल तर एक कायद्याची अडचण दागिने आणि छोट्या वस्तूंना हमखास येते. हस्तिदंत आणि कासवाची पाठ यांच्या व्यापारावर १९७५ पासून लागू झालेल्या साइट्स या, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराबाबतच्या आंतरराष्ट्रीय कराराची बंधनं आहेत. वस्तू शंभर वर्षं जुनी असली तरी कागदपत्रांशिवाय ती अडकून पडू शकते, आणि पैसे तर तुम्ही भरून बसलेले असता.

पाहणीच्या दिवशी

शक्य असेल तर प्रत्यक्ष जा. दहा मिनिटं मिळाली तर मी सात गाऊनला देईन, तीन अंगठीला आणि डब्याला एकही नाही. जाणं जमत नसेल तर लिलावगृहाला लिहून विचारायचं: मुंढ्यांचा आतून काढलेला फोटो, छातीचं आणि कंबरेचं माप, चेन मूळची की बदललेली, अंगठीचं वजन ग्रॅममध्ये, खुणेचा जवळून फोटो, खड्याचा दाखला. चांगली लिलावगृहं एक-दोन दिवसांत नीट उत्तर देतात. उत्तरात पुन्हा 'वयोमानानुसार झीज' एवढंच आलं, तर यादीतल्या त्या लॉटवर मी काट मारते.