लेझर-ग्रेटिंगचा संच: बारावी शिकवणाऱ्यांनी घ्यावा का?

इंदूरला रामबागेत मी घरीच अकरावी-बारावीचं फिजिक्स शिकवते. कणही लाटेसारखे वागतात हा द ब्रॉयचा धडा आला की कुणीतरी विचारतंच, "काकू, इलेक्ट्रॉनचं ठीक आहे, पण अख्खा रेणू लाटेसारखा कसा वागेल?" यंदा भिंतीवर दाखवूनच उत्तर द्यावं म्हणून हा संच मागवला. ९०० रुपयांत लाल लेझर, ग्रेटिंगच्या (बारीक समांतर रेघा आखलेल्या) तीन पट्ट्या, दुहेरी फटीची काच आणि दोन स्टँड येतात.

मिलिमीटरला ५०० रेघांची पट्टी अगदी उत्तम आहे. पडदे ओढून ती भिंतीपासून दोन मीटरवर ठेवली, तर मधल्या ठिपक्यापासून पहिला ठिपका ६९ सेंटिमीटरवर पडला. मुलांनी स्वतः टेप धरून मोजलं. लेझरवर छापलेली ६५० नॅनोमीटर तरंगलांबी आणि रेघांमधलं अंतर ग्रेटिंगच्या सूत्रात घातलं की हेच उत्तर येतं.

मग त्याच सूत्रात व्हिएन्नातल्या एका प्रयोगाचे आकडे घातले. तिथे १९९९ मध्ये अँटोन झायलिंगर आणि मार्कुस आर्न्ट यांच्या गटाने कार्बनच्या ६० अणूंचे फुलरीन रेणू भट्टीत तापवून निर्वातातून एका जाळीवर सोडले. जाळीतल्या फटी १०० नॅनोमीटर अंतराने, रेणूंचा वेग सेकंदाला सुमारे २२० मीटर. वस्तुमान आणि वेगावरून द ब्रॉयच्या सूत्राने तरंगलांबी निघते अडीच पिकोमीटर (पिकोमीटर म्हणजे नॅनोमीटरचा हजारावा भाग), रेणूच्या रुंदीच्या शेकडो पट लहान! सव्वा मीटरवर पहिला पट्टा सरकतो जेमतेम ३१ मायक्रोमीटर, केसाच्या जाडीहून कमी. तरी त्यांनी तो मोजला. रेणू एकमेकांपासून इतके दूर असतात की प्रत्येकाचं व्यतिकरण (लाटा एकमेकींत मिसळून पट्टे उमटणं) स्वतःशीच होतं. हे ऐकल्यावर मुलं पुन्हा भिंतीकडे बघायला लागली, आणि मला याचसाठी हा संच हवा होता. पुढे २०१९ मध्ये व्हिएन्नातच सुमारे २००० अणूंच्या रेणूंपर्यंत मजल गेली.

"मग खुर्ची का नाही दिसत लाटेसारखी?" याचं अर्धं उत्तर वस्तुमानात आहे: ते जितकं जास्त, तितकी तरंगलांबी लहान. उरलेलं अर्धं २००४च्या प्रयोगात: ७० कार्बनचे रेणू लेझरने खूप तापवले की ते स्वतःच प्रकाश सोडतात, त्यातून त्यांची वाट उघड होते आणि पट्टे पुसट होत जातात.

आता तक्रारी. दुहेरी फटीची काच निकामी आहे, कडा फुटलेल्या, पट्टे धड दिसत नाहीत. विक्रेत्याला फोटो पाठवले, उत्तर नाही. लेझरचं बटण दाबून धरावं लागतं. मी कपड्यांचा चिमटा लावते. आणि किरण डोळ्यात जाऊ देऊ नये, ही सूचना माहितीपत्रकात कुठेच नाही. मुलांच्या हातात द्यायच्या वस्तूबाबत हे मला अजिबात पटलं नाही. पहिला नियम म्हणून हे तुम्हीच सांगा.

पाचपैकी साडेतीन. ५०० रेघांची पट्टी सुटी मिळाली तर तेवढीच घ्या; लेझर पॉइंटर जेल रोडवर मिळून जाईल.