क्रॉस-कंपाइल करताना पाथ कसे द्यावेत: हाताने, सिसरूटने की तयार एसडीकेने?

क्रॉस-कंपाइल म्हणजे एका मशीनवर (होस्ट) दुसऱ्या मशीनसाठी (टार्गेट, उदा. बोर्ड) प्रोग्रॅम बांधणे. होस्टची लायब्ररी चुकून वाटेत आली तर लिंकर (प्रोग्रॅमला लायब्रऱ्या जोडणारे टूल) निदान ओरडतो: 'स्किपिंग इनकम्पॅटिबल'. होस्टचे हेडर (लायब्ररीतल्या गोष्टींची घोषणा करणारी फाइल) मात्र गुपचूप आत शिरते. एखाद्या स्ट्रक्चरचा आकार वेगळा निघतो, बिल्ड बिनतक्रार पार पडतो आणि प्रोग्रॅम बोर्डावर जाऊन कोसळतो. म्हणून पद्धत निवडताना आधी पाहावे ते हे, की होस्टचे /यूएसआर/इन्क्लूड किती पक्के बंद होते.

हाताने पाथ देणे म्हणजे सीपीपीफ्लॅग्समध्ये -आय (हेडरची डिरेक्टरी), एलडीफ्लॅग्समध्ये -एल (लायब्ररीची डिरेक्टरी) आणि कॉन्फिगरला --होस्ट (इथे मात्र 'होस्ट' म्हणजे टार्गेट). झेडलिब या लायब्ररीवर टेकलेल्या एखाद्या छोट्या पॅकेजला एवढे पुरते. पण लिबकर्लशी लिंक करायला जा, तर तिला लागणारी लिबएसएसएल त्याच डिरेक्टरीत असूनही सापडत नाही. शेअर्ड लायब्ररीला पुढे लागणाऱ्या लायब्रऱ्या लिंकर -एलच्या यादीत शोधतच नाही. त्यासाठी -आरपाथ-लिंक द्यावा लागतो. नुसता -आरपाथ नको, तो बिल्ड मशीनचा पाथ बायनरीत कोरून ठेवतो. एन्व्हायर्नमेंटमधून पाथ देण्याचा मोहही टाळा: सीपाथ (हेडरचे पाथ) क्रॉस जीसीसी कंपायलरलाही लागू होतो, लायब्ररी_पाथकडे (लायब्रऱ्यांचे पाथ) मात्र हा कंपायलर बघतही नाही.

सिसरूट, म्हणजे टार्गेटची हेडर आणि लायब्रऱ्या ठेवलेले डिरेक्टरीचे झाड, ही बहुतेकांसाठी योग्य पायरी. --सिसरूट दिला की हेडर आणि लायब्ररी दोन्हींचा डीफॉल्ट शोध टार्गेटच्या झाडात होतो. कंपाइल आणि लिंक दोन्ही वेळा तो द्यायचा. शिवाय लिबसी.एसओ (मूळ सी लायब्ररी) ही बहुधा साधी मजकूर फाइल असते आणि तिच्यात /लिब/लिबसी.एसओ.६ असा पूर्ण पाथ असतो. फाइल सिसरूटच्या आत असेल तर लिंकर त्या पाथला सिसरूट जोडतो. नुसत्या -एलवर तो होस्टच्या /लिबमध्ये जातो.

खरी गळती पीकेजी-कॉन्फिगमधून (लायब्ररीचे पाथ आणि फ्लॅग .पीसी फाइलमधून वाचून सांगणारे टूल) होते. पीकेजी_कॉन्फिग_पाथ फक्त यादीत भर घालतो, होस्टच्या .पीसी फाइल तशाच राहतात. पीकेजी_कॉन्फिग_लिबडिर डीफॉल्ट यादीच बदलतो. त्यात सिसरूटमधले यूएसआर/लिब/पीकेजीकॉन्फिग आणि यूएसआर/शेअर/पीकेजीकॉन्फिग दोन्ही द्या, सोबत पीकेजी_कॉन्फिग_सिसरूट_डिर. .पीसीमधल्या प्रीफिक्समध्ये सिसरूट आधीच लिहिलेला असेल तर पाथ दुप्पट होतो. तिथे प्रीफिक्स /यूएसआर असाच हवा. सीमेक या बिल्ड-टूलमध्ये सीमेक_सिसरूट द्या आणि फाइंड_रूट_पाथच्या मोडमध्ये लायब्ररी, इन्क्लूड, पॅकेज यांना 'ओन्ली', प्रोग्रॅमला 'नेव्हर'.

बोर्डाची रूटफाइलसिस्टम कॉपी करून सिसरूट केलात तर /लिबपासून सुरू होणाऱ्या सिमलिंक होस्टकडे बोट दाखवतात. त्या रिलेटिव्ह करून घ्या. .एलए फाइल (लिबटूल या बिल्ड-टूलच्या लायब्ररी-नोंदी) तर काढूनच टाका, त्यांच्यातला लिबडिर लिबटूलला थेट /यूएसआर/लिबकडे नेतो.

पॅकेजे डझनभर असतील किंवा दुसऱ्यालाही तोच बिल्ड हवा असेल, तर बिल्डरूट किंवा योक्टो (टूलचेनपासून पॅकेजांपर्यंत सगळे बांधून देणारी साधने) घ्या. बिल्डरूटचा कंपायलर रॅपर /यूएसआर/इन्क्लूडसारखा धोक्याचा पाथ दिसला की हटकतो, आणि .एलए फाइल बिल्डरूट स्वतःच दुरुस्त करतो. योक्टो प्रत्येक रेसिपीला (एका पॅकेजची बिल्ड-कृती) स्वतंत्र सिसरूट देतो, त्यामुळे डिपेंड्समध्ये (तिला लागणाऱ्या गोष्टींची यादी) विसरलेली लायब्ररी लगेच उघडी पडते. किंमत म्हणजे डिस्कची जागा आणि पहिल्या बिल्डचा वेळ.

योक्टोच्या एसडीकेत (कंपायलर आणि सिसरूटचा तयार संच) एक खोच आहे. तिथे --सिसरूट हा सीसी व्हेरिएबलमध्येच (कंपायलरची कमांड) असतो. मेकफाइलमध्ये 'सीसी = जीसीसी' असे लिहिलेले असेल तर तो पुसला जातो आणि कंपायलरही होस्टचाच चालतो. अशा वेळी मेकच्या कमांडलाइनवर सीसी पुन्हा द्या, अवतरणचिन्हांसकट, नाहीतर फ्लॅग तुटून पडतात.