खानदेशच्या रस्त्यांवर स्पोर्ट्‌स कार किती सुरक्षित? ९११, झेड४ आणि एसएल यांची तुलना

पोर्शे ९११, बीएमडब्ल्यू झेड४ आणि मर्सिडीज-एएमजी एसएल यांची तुलना बहुधा वेग आणि रुबाब यांवरच होते. धुळे-जळगाव महामार्गावर मात्र पहिला प्रश्न वेगळाच पडतो : कापसाने भरलेली, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर असलेली ट्रॉली रात्री समोर आली, तर गाडी वेळेत थांबेल का?

झेड४ ला २०१९ मध्ये युरो एनकॅप या गाड्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या युरोपीय संस्थेच्या चाचणीत पाच तारे मिळाले. कमी खपाच्या महागड्या गाड्या अशा चाचण्यांपर्यंत सहसा पोहोचतच नाहीत, म्हणून तारे नसलेली गाडी कमकुवत ठरत नाही. पण किंमत म्हणजे सुरक्षिततेची हमी, हा समजही खरा नाही. २०१७ मध्ये फोर्ड मस्टँगला दोनच तारे मिळाले होते. समोरून झालेल्या धडकेत तिच्या एअरबॅग पुरेशा फुगल्या नाहीत आणि आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणाही तिच्यात नव्हती. युरोपातली आणि आपल्याकडची साधनसामग्री सारखीच असेल असे नाही, त्यामुळे विक्रेत्याकडून यादी लेखी घ्यावी.

९११ ची मला सर्वांत पटलेली सोय म्हणजे तिचा वेट मोड. पुढच्या चाकांच्या कमानीत बसवलेले संवेदक टायरने उडवलेल्या पाण्याचा आवाज ऐकून रस्ता ओला असल्याचे ओळखतात आणि पडद्यावर सूचना देतात. मोड मात्र चालकानेच निवडायचा असतो. तो निवडला, की ॲक्सिलरेटरचा प्रतिसाद मवाळ होतो आणि घसरण रोखणारी यंत्रणा अधिक सावध होते. पावसाळ्यात शेतातून निघालेले ट्रॅक्टर काळ्या मातीचा चिखल डांबरावर सांडत जातात, तिथे ही सावधगिरी कामाला येते.

रात्री पाहणारा उष्णतेचा कॅमेरा ९११ मध्ये जादा पैसे मोजून मिळतो. तो माणूस किंवा रोही (नीलगाय) अंधारातही टिपतो, पण थंड पडलेली उभी ट्रॉली टिपणे हे त्याचे काम नव्हे. शिवाय आपल्याकडच्या मे महिन्यात रस्ता रात्रीही तापलेला असल्याने शरीर आणि परिसर यांच्या तापमानातला फरक कमी होतो. ट्रॉलीसाठी भरवसा रडार, चांगले हेडलाइट आणि आवरलेला वेग यांवरच ठेवावा लागतो.

झेड४ आणि एसएल या उघड्या छताच्या गाड्या आहेत. झेड४ मध्ये गाडी उलटली तर डोके वाचवणाऱ्या कायमच्या कमानी आसनांमागे आहेत, तर एसएलमध्ये उलटण्याचा धोका ओळखून संरक्षक दांडा आपोआप वर येतो. ही कल्पना मर्सिडीजने १९८९ च्या एसएलमध्येच आणली होती. दोन्ही उपाय चांगले आहेत, पण हलणारा भाग नसलेली कमान मला अधिक विश्वासाची वाटते.

सिरॅमिक चकत्यांच्या ब्रेकवर मी पैसे घालणार नाही. त्यांचा खरा लाभ वारंवार जोरात ब्रेक लावताना मिळतो. कन्नड घाट खालच्या गिअरमध्ये उतरणाऱ्याला साधे ब्रेक पुरतात आणि एकदाच करकचून थांबायचे असेल तर अंतर मुख्यतः टायरच्या पकडीवर ठरते. तो पैसा टायरवर घालावा. ९११ मध्ये स्टेपनीही नसते, फक्त पंक्चरचे द्रावण आणि पंप मिळतो. खड्ड्यात टायरची बाजू फाटली तर द्रावणाचा उपयोग नाही, आणि त्या मापाचा टायर जळगावात लगेच मिळेलच असे नसल्याने गाडी उचलून नाशिककडे न्यावी लागू शकते.