आतला फोरमन की बाहेरचा मॅनेजर?

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या फौंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतायच्या कारखान्यात, माणसं पंधरावरून पन्नासवर गेली की मालकाला एकट्याला आवरत नाही. मग जुन्या फोरमनला वर घ्यायचं, की बाहेरून मॅनेजर आणायचा?

फोरमनची ताकद भट्टीपाशी कळते. बिडाचा (ओतीव लोखंडाचा) रस साधारण १३५० ते १४०० अंशांच्या आसपास ओततात. रस थंड पडला तर साचा नीट भरत नाही, वाळूत ओल जास्त असली तर कास्टिंगला वायूची भोकं पडतात. रिजेक्ट झालेला तुकडा हातात घेऊन तो कारण सांगतो, आणि पोरं ऐकतात. अडचण वेगळीच आहे. काल ज्यांच्यासोबत डबा खाल्ला त्यांची रजा त्याला नाकारवत नाही. शिवाय काम सोपवण्याऐवजी तो स्वतःच लाडल (रस ओतायचं भांडं) धरायला धावतो.

बाहेरचा माणूस नोंदी, डिस्पॅच, ग्राहकाचं ऑडिट सांभाळतो. वाहन कंपन्यांना माल द्यायचा तर आयएटीएफ १६९४९ हे वाहन उद्योगाचं क्वालिटीचं सर्टिफिकेट बहुधा लागतंच, तिथे तोंडी कारभार चालत नाही. पण पहिले काही महिने ‘ह्येला काय कळतंय भट्टीतलं?’ हे ऐकावं लागतं.

माझा कल फोरमनकडे, पण उत्पादनापुरताच. क्वालिटी आणि कागद बाहेरच्याकडे द्यावेत. बाहेरचा जमला नाही तर प्रोबेशनमध्ये निरोप देता येतो. वर चढवलेल्या फोरमनला खाली आणलं, तर तो बहुतेक शेजारच्या फौंड्रीत जातो. आणि हीट (भट्टीतला एक घाणा) थांबवायचा अधिकार कोणाचा, हे पहिल्याच दिवशी लिहून भिंतीवर लावावं, नाहीतर दोघंही मालकाला फोन करत बसतात.