रोडग्यांचा तयार संच: वांगी झकास, पिठाचं मात्र काहीतरी करा

सोयाबीन घरात आलं, दिवाळी उरकली की शेताशेतांत रोडग्यांचे, म्हणजे गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांचे, बेत ठरायला लागतात. वर्धा जिल्ह्यातल्या एका महिला बचत गटाने त्यासाठी दहा माणसांचा संच विकायला काढला आहे. त्यात दोन किलो पीठ, पाऊण किलो तूरडाळ, दोन किलो वांगी, एक लहान कोहळं (लाल भोपळा), हिरव्या मिरच्या, लसूण आणि सांभार (कोथिंबीर) येतो. तूप, तेल, मसाला आणि गोवऱ्या आपल्या आपण बघायच्या.

संच घ्यावा तो वांग्यांसाठी. सकाळी तोडलेली असतात. टोपी हिरवीगार, काटे बोटाला टोचतात, दाबलं तर खळगा राहत नाही. वजनाला हलकं लागेल ते भाजीला ठेवा, जड वांग्यात बिया जास्त. या दिवसांत फळ पोखरणाऱ्या अळीचा जोर असतो आणि ती लहानपणीच आत शिरत असल्याने वरून भोक दिसेलच असं नाही. म्हणून देठ ठेवून चार चिरा द्या, प्रत्येक वांगं उघडून पाहा आणि लगेच मिठाच्या पाण्यात टाका. दोन किलोंतली दोन-चार फेकावी लागली तर गटाला दोष देऊ नये. भाजीला किलोमागे दीड वाटी तेल लागतंच. भाजलेलं खोबरं, कांदा, खसखस, आलं-लसूण यांचं वाटण तेल सुटेपर्यंत परता आणि पाणी उकळतं घाला. गार पाणी ओतलं की तर्री बसते.

पिठाबद्दल मात्र तक्रार आहे. पोळीच्या कणकेसारखं बारीक दळलेलं असतं, आणि त्याचे रोडगे हमखास चिवट होतात. उपाय सोपा आहे: किलोमागे पाव किलो जाड रवा मिसळा. त्यात चार-पाच मोठे चमचे कडकडीत तेलाचं मोहन, मीठ, चमचाभर ओवा घालून घट्ट भिजवा, अर्धा तास झाकून ठेवा. लहान पुऱ्या लाटून प्रत्येकीला तेल लावा, एकीवर एक अशा पाच-सहा रचा, शेवटच्या मोठ्या पुरीत गुंडाळून तोंड नीट बंद करा. सैल कणकेचे रोडगे निखाऱ्यावर बसतात आणि राख चिकटते ती वेगळीच.

गोवऱ्या उन्हाळ्यात थापलेल्याच हव्यात. पावसाळ्यात ओल धरलेल्या गोवरीचा धूर रोडग्यात उतरतो, मग तुपानेही तो वास जात नाही. धूर पूर्ण थांबून निखाऱ्यांवर पांढरी राख आली की रोडगे ठेवा. पंधरा-वीस मिनिटं फिरवत राहा, साल कडक झाली की गरम राखेत अर्धा-पाऊण तास पुरा. जाळ असताना घाई केली तर वरून कोळसा, आतून कच्चं पीठ.

डाळीच्या पुडीवर ‘नवी डाळ’ लिहिलंय, ते पटत नाही. आपल्याकडची तूर आत्ता कुठे फुलोऱ्यात, शेंगांत आहे. ही गेल्या हंगामाचीच. चव चांगली आहे, पण अर्धा तास भिजवा आणि बोअरच्या जड पाण्यात शिजवू नका, तासभर उकळली तरी दाणा मऊ होत नाही.

कोहळं मात्र चांगलं पिकलेलं मिळतं, देठ सुकलेला, साल नखाने न खरवडणारी. त्याचे बोंडे (तळलेले गोड गोळे) करा. अर्धा किलो किसाला पाव किलो गूळ घालून शिजवा, पूर्ण गार झाल्यावरच मावेल तेवढी कणीक घाला. गरम असताना घातली तर जास्त मावते आणि बोंडे दगड होतात.

मागणी आदल्या दिवशी दुपारपर्यंत द्यावी लागते, घरपोच सोय नाही. तुपाची बरणी आठवणीने न्या. एवढ्या रोडग्यांना अर्धा किलो तरी लागतं.