शेक कुठे घ्यायचा: परळला राहून की जाऊन-येऊन?

तोंडाच्या कॅन्सरला रेडिएशन, म्हणजे शेक, सांगितलं की जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा-यावलकडच्या घरांत पहिला प्रश्न हाच निघतो.

परळचं टाटा हॉस्पिटल 1941 पासूनचं. गुंतागुंतीची केस, दुसरं मत, मोठं ऑपरेशन यासाठी तिथं जावंच. पण शेक म्हणजे बहुधा आठवड्यातले पाच दिवस, सहा-सात आठवडे, आणि रोज जाळीचा मास्क लावून टेबलावर काही मिनिटं पडणं. तेवढ्यासाठी मुंबईत खोली, सोबतीला एक माणूस. मग इकडे केळीला पाणी कोण देणार? दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली तर गणित बदलतं. मला विचाराल तर सल्ला मुंबईचा, शेक जवळच्या शहरात.

खरा त्रास दोन-तीन आठवड्यांनी सुरू होतो. तोंड सोलवटतं, लाळ आटते. ठेचा, शेवभाजी तर सोडाच, कळण्याची भाकरीही गिळवत नाही. तेव्हा घरची पातळ मुगाची खिचडीच कामी येते. मात्र एप्रिल-मेत दुपारची एसटी नको. शेकलेल्या कातडीला ऊन सोसत नाही. सकाळची वेळ मागून घ्या.

आणि गाडीपायी खाडे पडणार असतील, तर त्याच शहरात खोली करा. मध्ये खंड पडला की उपचाराचा जोर कमी होतो.

महात्मा फुले योजनेत रेडिएशन बसतं. हॉस्पिटल तिच्या यादीत आहे का, हे मास्क बनवण्याआधीच विचारा.