टीपी४०५६ चार्जिंग मॉड्यूल: प्रोटेक्शनवालंच घ्या

लिथियम आयन सेल चार्ज करायला टीपी४०५६ चं छोटं मॉड्यूल बरेच जण वापरतात, मी पण वापरतोय आणि माझं मत चांगलंच आहे, पण घेताना एक गोष्ट बघाच. हे दोन प्रकारात मिळतं. एकावर फक्त चार्जर आयसी असते, दुसऱ्यावर शेजारी डीडब्ल्यू०१ए ही सेलच्या संरक्षणाची आयसी आणि एफएस८२०५ए मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) पण असतात, त्यावर सेल जोडायचे बी प्लस, बी मायनस सोडून लोडसाठी आऊटचे वेगळे पॅड दिसतात. हेच दुसरं घ्या.

कारण असं की टीपी४०५६ स्वतः ४.२ व्होल्टला थांबते, फरक जेमतेम दीड टक्का, सगळं नीट असेल तर एवढं पुरतं. पण चार्जर आयसीच शॉर्ट झाली तर? इनपुटचे ५ व्होल्ट जवळपास थेट सेलवर येतात, आणि ४.२ च्या वर सेल गेला की ॲनोडवर (सेलच्या आतल्या ऋण बाजूवर) लिथियम धातू साचायला लागतो, इलेक्ट्रोलाइट बिघडतो, गॅस होतो, सेल फुगतो आणि पुढे आग सुद्धा. अशा वेळी डीडब्ल्यू०१ए साधारण ४.३ व्होल्टला मॉसफेट बंद करून सेल तोडते आणि व्होल्टेज ४.१ च्या आसपास उतरल्यावरच परत जोडते. म्हणजे ही दुसरी भिंत आहे, रोज चार्जिंग थांबवायचं काम हिचं नाही.

आता खटकलेलं. इनपुटच्या बाजूला काहीच संरक्षण नाही. टीपी४०५६ ची कमाल मर्यादा ८ व्होल्ट, त्यात ९ किंवा १२ व्होल्टचा ॲडॅप्टर लागला की आयसी गेलीच समजा. ६ व्होल्टचं म्हणून विकलेलं सोलर पॅनल सुद्धा लोड नसताना बऱ्याचदा ७ च्या वर जातं, मग मर्यादेपर्यंत फार जागा उरत नाही. इनपुटला ओव्हरव्होल्टेज कट करणारी वेगळी आयसी लावा, निदान टीव्हीएस डायोड तरी, पण टीव्हीएस फक्त क्षणिक झटके झेलतो, चुकीचा ॲडॅप्टर तासभर लागून राहिला तर तो काही वाचवणार नाही. उलट पोलॅरिटीचं पण संरक्षण नाही, सेल जोडताना दोनदा बघा.

टेम्परेचरचा पिन बहुतेक मॉड्यूलवर ग्राउंडला बांधलेला असतो, त्यामुळे सेल तापला तरी चार्जिंग चालूच राहतं, हे मला अजिबात पटत नाही. करंट १ ॲम्पिअरला सेट असतो, त्यासाठी १.२ किलोओहमचा रेझिस्टर असतो. लहान सेल असेल तर तो बदलाच, १० किलोओहम लावला की सुमारे १३० मिलिअॅम्पिअर मिळतो. आयसी लिनियर आहे, म्हणजे जास्तीचं व्होल्टेज उष्णता करूनच घालवते, त्यामुळे फुल करंटला चांगलीच तापते, बंद डबीत कोंबू नका.

सेल रिकामा होताना डीडब्ल्यू०१ए तो सुमारे २.४ व्होल्टला तोडते, हा खालचा कट मला फारच खाली वाटतो, सर्किटमध्येच ३ व्होल्टला लोड बंद करायची सोय ठेवा. आणि एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेलला हे मॉड्यूल लावू नका, तो ३.६५ ला फुल होतो आणि हे ४.२ पर्यंत ढकलत राहणार.